तुझ्या पाठीवरचे हात

प्रिय मंदा,

‘प्रिय’ हा शब्द मी तू जिवंत असताना तुझ्यासाठी कधी वापरला नाही. तेव्हा हुरळून जाऊ नकोस, पत्राची रीत म्हणून लिहिला आहे. खरं म्हणजे मी तुझ्यावर रागावले आहे. आणि गेलेल्या माणसाशी भांडायचं तर पत्राखेरीज दुसरी सोय कुठे आहे?

आज सकाळी पोखर्णीत, तुझ्या घरात, तुझ्या बाजेवर मी पालथी पडले होते. पायांकडून विटा लावून बाज उंच केलेली, डोकं खाली, तोंडाशी राख घातलेला पत्र्याचा डबा. आणि तुझी सून सुमन माझ्या पाठीवर थापट्या मारत होती. होय, माझ्या! जिच्या छातीत उभ्या आयुष्यात कधी घुरघुर झाली नाही, त्या तुझ्या आक्काच्या!

डॉक्टर म्हणतात, तुला होतं तेच आता मला झालं आहे. आतल्या श्वासनळ्या सैल पडल्या आहेत. त्यांत कफ साचतो. रोजच्या रोज बाहेर काढला नाही तर तिथेच नासतो आणि ताप येतो. या हिवाळ्यात एक ताप येऊन गेला. दुसरा मला झेपेल याची ते खात्री देत नाहीत.

‘तुमच्या बहिणीला होतं तेच’, हे ऐकल्यावर मला काय वाटलं सांगू? भीती नंतर वाटली. आधी वाटलं, इथेही हिचाच नंबर पहिला!

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून सात मोठी पापं पाठ करून घेत. मत्सराचं पाप मला पाठ करावं लागलं नाही. ते मी घरूनच बरोबर नेलं होतं.

आठवतं तुला? निजामाचं राज्य होतं, वडील तहसिलीत पेशकार. मुलींना इंग्रजी शिकवायची हौस त्यांना कुठून आली देव जाणे. दोघींना नवे झगे शिवून त्यांनी हैदराबादला नेलं. मोठ्या सिस्टरच्या खोलीत आपण उभ्या होतो. मी माझं नाव इंग्रजीत सांगितलं. तुझी पाळी आली आणि तू खोकलीस. वाकून, लाल होऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकलीस. सिस्टरने हातरुमाल नाकाला लावला आणि वडिलांना म्हणाली, मोठीला ठेवा, धाकटीला परत न्या.

सगळं घर पुढे कित्येक वर्षं हळहळत होतं. बिचारी मंदा! शिक्षण राहिलं पोरीचं. आक्काचं नशीब बघा!

माझं नशीब? तुझ्या खोकल्याने तुला आईजवळ ठेवलं आणि माझ्या स्वच्छ छातीने मला घराबाहेर काढलं. निरोगी असल्याची शिक्षा झालेली दुसरी मुलगी असेल तर मला दाखव.

सुट्टीत घरी यायची तेव्हा पहाटेच्या अंधारात मला त्या आवाजाने जाग यायची. धप, धप, धप. आई तुला मांडीवर पालथी घेऊन पाठ थापटत असायची. एका हाताने थापटायची, दुसऱ्याने तुझं कपाळ धरायची. वैद्याने सांगितलं होतं म्हणे, पोरीच्या छातीतलं हलवून काढा. तू झोपेत कुरकुरायचीस आणि आई म्हणायची, “निघू दे गं माझ्या बाई, निघू दे.”

मी गोधडीत डोळे मिटून मुद्दाम खोकायची. आई तिकडूनच म्हणायची, “आक्के, उगं तिची नक्कल करू नकोस.”

झालं! माझा खोकला म्हणजे नक्कल. आता बघ म्हणावं. आता अस्सल आहे, छातीचा मोठा फोटो काढून डॉक्टरांनी दाखवला आहे. पण दाखवायला आई कुठे आहे?

मग तुझं लग्न. दोन-तीन स्थळं खोकला ऐकून उठून गेली. आई रडायची आणि मी, नुकतीच परभणीच्या मुलींच्या शाळेत लागलेली, ताठ मानेने सांगायची की लग्न म्हणजेच आयुष्य नव्हे. मग पोखर्णीचे विठ्ठलराव आले. तू चहा घेऊन आलीस आणि ट्रे ठेवताच तुला उबळ आली. ते थांबले, उबळ संपू दिली आणि म्हणाले, “पाणी देऊ का?” बस्स, एवढंच विचारलं. आणि तू हो म्हणालीस. पाण्याला म्हणालीस की नवऱ्याला, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतरची छत्रीची गोष्ट तू गावभर सांगितलीस. जावा, नणंदा, शेजारणी, कुणाला सोडलं नाहीस. आता माझ्या बाजूने ऐक.

तुझ्या लग्नाला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. मी पहिल्या एस.टी.ने आले. दार बंद होतं आणि आतून तोच आवाज, धप, धप, धप, आणि तुझं कण्हणं. मी काय समजावं? हाच आवाज मी लहानपणापासून ऐकत होते हे खरं, पण तो आईच्या हाताचा होता. पुरुषाच्या हाताचा असा आवाज म्हणजे एकच अर्थ, असं तेव्हा कुठलीही बाई समजली असती. मी दार ढकललं, “यू ब्रूट!” म्हणून ओरडले आणि विठ्ठलरावांच्या खांद्यावर छत्री हाणली.

“अवो आक्का! मारायलो न्हाई, कफ पाडायलो!”

आणि तू? तू खाली डोकं, वर पाय अशा अवस्थेत हसत सुटलीस. हसता हसता खोकलीस, खोकता खोकता डबा ओढलास आणि थुंकून म्हणालीस, “आक्का, रोज येत जा गं. इतका कफ कधी निघाला नव्हता.”

गावात झालं, मास्तरीणबाईने मेव्हण्याला छत्रीने हाणलं. हाणलं! पण तू एक गोष्ट कुणाला सांगितली नाहीस, कारण ती तुला माहीतच नव्हती. मी ओसरीवर येऊन बसले आणि दाराच्या फटीतून पाहिलं. ते पुन्हा थापटायला लागले होते. हात ओंजळीसारखा पोकळ करून, मधे घडी केलेलं लुगडं ठेवून, पाठीचा कणा टाळून. मग तुला उठवून बसवलं, अंगावर घोंगडी टाकली आणि गरम पाण्याचा तांब्या पुढे केला. तुला हसवलं. म्हणाले, “आज आक्कांनी लय मदत केली. म्या दुसरी छत्री आनून देतो त्यान्ला.”

मंदे, भलतंच काही समजू नकोस. मला तुझा नवरा नको होता. मला तुझी सकाळ हवी होती.

माझ्या सकाळी कशा होत्या? स्टोव्ह, चहा, वेणी, शाळा. इतकी वर्षं मी हजारो मुलींना सरळ उभं राहायला शिकवलं, पण माझी पाठ सरळ आहे की वाकडी हे बघायला कुणी नव्हतं.

आणि तुझं ते दुखणं म्हणजे तर दरबार होता दरबार! तू त्याचं ओझं वाटू दिलं नाहीस, हाच माझा तुझ्यावर सगळ्यात मोठा राग आहे. तू रडकी असतीस तर मला तुझी दया तरी आली असती. एकदा मी तुला विचारलं, “रोज रोज हे करायचा कंटाळा नाही येत?” तर म्हणालीस, “दात घासायचा कंटाळा आला म्हणून कुणी दात पाडून घेतं का, आक्का?”

घरात ट्रान्झिस्टर आल्यावर तर तू सगळं रेडिओला बांधून टाकलंस. भजन संपेपर्यंत उजवी कूस, बातम्या संपेपर्यंत डावी, बाजारभाव सुरू झाले की पालथं. रिकाम्या पोटी, चहाच्या आधी, म्हणजे ओकारी नको. मग मोठा श्वास घ्यायचा, जरा धरायचा आणि आरशावर वाफ धरायला फुंकतो तसा हाऽ करून सोडायचा. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात शिकवलं होतं तुला ते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाजारभाव गाळायचीस, पण भजन आणि बातम्या कधी चुकवल्या नाहीस. “थोडं करावं, पण नागा नाही,” म्हणायचीस. कुणी मोठा पुढारी गेला आणि रेडिओवर दिवसभर नुसती सारंगी वाजायला लागली की तुझी पंचाईत. उजव्या कुशीवर पडून ओरडायचीस, “अवो, ह्यो दुखवटा कधी संपायचा? माझी कूस अवघडली!”

आणि तो डबा! चहाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, डब्यात बघून तू जाहीर करायचीस, “आज पांढरा हाय, बरं चाललंय.” मी कप खाली ठेवायची. माझ्या तोंडावर तेव्हा काय दिसत असेल ते मला आता कळतंय. पण मी काय करू? आम्हाला शिकवलं होतं, सभ्य मुलगी खाकरत नाही, थुंकत नाही. खोकला आलाच तर रुमालात, आणि रुमालात काय आलं ते बघायचं नाही.

आता त्या आठवड्याबद्दल. इतकी वर्षं मी हा विषय काढला नाही. आज काढते.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीचं ते साल. तू छातीचा फोटो काढायला परभणीला माझ्याकडे आली होतीस, एका रात्रीसाठी. दुसऱ्या दिवशी एस.टी. बंद, बाजार बंद, रस्त्यावर पोलीस. गावोगाव दलितांच्या वस्त्या पेटवल्याच्या बातम्या येत होत्या. माझ्या वर्गातल्या काही मुली त्यानंतर शाळेत परत आल्याच नाहीत. त्यांची घरं कुठल्या गावात होती ते मला माहीत होतं. विठ्ठलराव तिकडे अडकले, तू इकडे. तुझ्याजवळ ना तुझी बाज, ना तुझ्या सवयीचा हात.

दोन दिवसांत तुझी छाती भरली. रात्रभर घुरघुर. मी तुझ्या शेजारी जागी होते, पण तू काही बोलली नाहीस. सकाळी मी स्वयंपाकघरात असताना परसातल्या भिंतीवरून तू हाक मारलीस. मला नाही! शेजारच्या रझिया भाभींना!

त्या आल्या, बांगड्या वर सारल्या आणि तू सांगशील तशा थापटायला लागल्या. “दुखा तो बोलो हां, आपा.” आणि तू त्यांना म्हणत होतीस, “अजून जोरात भाभी, अजून.” माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर! मी दारात चहाचे कप घेऊन उभी. सख्खी बहीण!

भाभी गेल्यावर मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

तू तोंड पुसत होतीस. सहज म्हणालीस, “तुला किळस येती, आक्का.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला पाहिजे? तुझं तोंड सांगतं.”

संध्याकाळी भाभींनी खिरीची वाटी पाठवली, ती मी तशीच झाकून ठेवली. तू सगळी संपवलीस. खीर छान होती म्हणालीस. असेल!

मंदे, तू मला एकदा विचारून तर बघायचं होतंस! आईने तुझी पाठ थापटली, नवऱ्याने थापटली, शेजारणीने थापटली, शेवटी सुनेने थापटली. आख्ख्या जगाचे हात तुझ्या पाठीवर पडले, फक्त माझा नाही. तुझ्या शेवटच्या तापात मी आले तेव्हाही मला पायाशी बसवलंत. पाय काय, कुणीही चेपतं!

असो. आता माझं ऐक.

तपासायला परभणीचे छातीचे डॉक्टर. अगदी तरुण आहेत, मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही. फोटो बघून विचारतात, “मॅडम, कफ गिळता का?”

“मी काय गिळते हा तुमचा प्रश्न नाही.”

“माझाच आहे,” ते म्हणाले. “खोकला दाबून दाबून छातीत किती राहिलाय बघा. थुंकायला शिका.”

साठी उलटल्यावर मला कुणी थुंकायला शिकवावं! पण घरी येऊन मी प्रयत्न केला. दोन उश्या पोटाखाली घेऊन पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडलं. पाठीपर्यंत माझा हात पोचेना. एक हात मागे वाकवून मी स्वतःलाच चापट्या मारत होते, तेवढ्यात खिडकीतून दूधवाला म्हणाला, “बाई, खाली काही हरवलं का?”

“हो, इज्जत,” मी म्हणाले.

त्यानंतर खिडकी लावून घेतली. मग कधी शाळेच्या जुन्या मैत्रिणी यायच्या म्हणून राहिलं, कधी अंग दुखतं म्हणून. रेडिओ लावला, तर तुझी भजनं ऐकून मी नुसती पडून राहिले. एकट्याने करायचं तर कुणासाठी उठायचं, मंदे? मग ताप आला.

तापातून उठले त्याच आठवड्यात विठ्ठलराव कापूस घेऊन परभणीच्या बाजारात, मोंढ्यात आले होते. नेहमीसारखे ज्वारीचं पीठ द्यायला घरी आले आणि दारातच थबकले. मी आत खोकत होते.

“आक्का, ह्यो खोकला म्या वळखतो.”

“ओळखायला तो काय तुमचा पाहुणा आहे?” मी म्हटलं.

“तीस वरसं घरात ऱ्हायला की,” ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत तू गेल्याचं दिसलं. मग बाहेर बघत म्हणाले, “पोखर्णीला चला. थंडी सरस्तोर ऱ्हावा. माझ्या हातानं न्हाई म्हनत मी. ते बरं दिसनार न्हाई, तुमी बी छत्री आनाल. सुमनला हात बसलाय चांगला.”

मी नाही म्हणाले. तुझ्या घरात, तुझ्या बाजेवर, तुझ्या सुनेच्या हाताखाली? तुझं उष्टं दुखणं घेऊन? दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी जिना चढताना मधेच बसावं लागलं आणि मी पिशवी भरली.

इथे येऊन आठवडा झाला. अजून पारावर नामांतर होणार की नाही यावर वाद चालू आहेत आणि सुमनचा नवरा तिथे भांडून रोज उशिरा जेवायला येतो. बाकी सगळं तू ठेवलंस तसंच आहे. सुमनचा हात खरंच चांगला आहे. पहिल्याच दिवशी तो पाठीवर पडला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून नव्हे. मी हिशोब केला, माझ्या पाठीवर शेवटचा हात कुणाचा पडला होता? आठवेना. तेवढ्यात सुमन म्हणाली, “मावशी, तुमची पाठ लय आत्याबाईंवानी हाय. हितं खांद्याखाली तसाच खळगा.”

बघ! पाठसुद्धा तुझीच निघाली. माझ्या मालकीचं काही ठेवलंस की नाही?

पण एक गोष्ट मी तिला कळू देत नव्हते. ती थापटायची, कफ घशाशी यायचा, आणि मी गिळून टाकायची. तिच्यासमोर, डब्यात? शक्यच नव्हतं. पाच-सहा दिवस ते खपलं. काल संध्याकाळी माझं अंग पुन्हा कसकसलं. आणि आज सकाळी तिने हात थांबवला.

“मावशी, आत्ता वर आलं हुतं न्हवं? कुटं गेलं?”

“गेलं,” मी म्हटलं.

“गिळलंसा?”

“तू जरा बाहेर जा. मग मी थुंकते.”

“मी भायेर गेल्यावर थापटायचं कुनी?”

मी पालथीच होते, त्यामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं. म्हणूनच कदाचित विचारता आलं. “सुमन, खरं सांग. तुला किळस येत नाही?”

ती पुन्हा थापटायला लागली होती. हात जराही न अडखळता म्हणाली, “येती की.”

मला वाटलं होतं ती म्हणेल, छे मावशी, असं काय बोलता! तुमी मला आईसारख्या! सगळे असंच म्हणतात.

“येती?”

“मंग? कफ हाय त्यो, केवडा हाय का? शेन काढताना बी येती. म्हनून गोठा तसाच ठिवायचा व्हय?”

“म्हणजे मी गोठा?” मी डोकं वर करायला गेले.

“खाली, खाली! डोस्कं खाली.” तिने मान दाबली. “आत्याबाईंची बी येत हुती. पैल्या दिशी तर म्या परसात जाऊन वकले.”

“मंदाला माहीत होतं?”

“त्यांनीच तांब्या आनून दिला तोंड धुवायला. लय हसल्या. हसता हसता उरलेला कफ बी पडला त्यांचा.”

मंदे! म्हणजे सुनेची किळस तुला चालली! तिच्या ओकण्याला तू तांब्याभर पाणी दिलंस, वर हसलीस. आणि माझ्या नुसत्या तोंडावर काहीतरी दिसलं, तर तू भिंतीवरून शेजारणीला हाक मारलीस! मी पालथी पडल्या पडल्या इतकी संतापले की छातीतून सगळं ढवळून वर आलं.

का गं? ती परक्या घरातून आली होती म्हणून तिचं चाललं? की सिस्टरने नाकाला रुमाल लावलेला तू तेव्हाच पाहिला होतास, आणि मी त्याच रुमालाच्या घरी जाऊन वाढले म्हणून? उत्तर देऊ नकोस. तुझं उत्तर तिखट असेल आणि मला आज खोकल्यावाचून दुसरं काही झेपणार नाही.

पण एवढं ऐकून ठेव. तू म्हणालीस ते खरं होतं. मला किळस येत होती. मला वाटायचं, जिला ती येत नाही तिनेच हात लावावा. आई, विठ्ठलराव, भाभी, या सगळ्यांची मी घाण न वाटणारी माणसं अशी वेगळी जात मानली होती आणि त्यांच्यावर जळत होते. त्यांनाही येत असेल, हे मला कुणी का सांगितलं नाही? तुला तरी माहीत होतं का?

तू मला विचारायला हवं होतंस, मंदे. मला किळस आली असती. तोंडावर दिसली असती. आणि तरी मी थापटलं असतं. चुकीच्या जागी, चुकीच्या हाताने, तुला शिव्या घालत, पण थापटलं असतं!

आज मी थुंकले. सुमनसमोर, डब्यात, मोठ्याने खाकरून. तिने डब्यात बघितलं, नाक मुरडलं, अगदी उघड मुरडलं, आणि म्हणाली, “पिवळा हाय. दोन-चार दिस निघू द्या मोकळा.” मग राख टाकून झाकण लावलं आणि हात धुवायला गेली. छातीत इतकं हलकं वाटलं की मला पुन्हा तुझा हेवा वाटला. हे तू रोज अनुभवत होतीस आणि मी तुला बिचारी म्हणत होते!

तेव्हा आता ऐक. तू होतीस तशी हसरी रोगी मला होता येणार नाही. मी कुरकुर करीन, सुमनला ओरडीन, भजनाऐवजी इंग्रजी बातम्या लावीन. थंडी सरली की परभणीला जाईन आणि तिथे भाभींच्या दारात उभी राहून स्वतः विचारीन. त्या नाही म्हणाल्या तर दुसरीला विचारीन. माझ्या तोंडावर काय दिसेल, त्यांच्या तोंडावर काय दिसेल, याची हमी मी तुला देत नाही. पाठ मात्र रोज देईन.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
आक्का